सोसायटी ग्रुप: ओ निगेटिव्हचा मेसेज

ए-५०२ काकू: नमस्कार मंडळी. आमच्या सूनबाईचा रक्तगट ओ निगेटिव्ह आलाय. सहावा महिना संपत आलाय. सोसायटीत कुणी ओ निगेटिव्ह असेल तर कळवा, ऐनवेळी धावपळ नको. डॉक्टरांनी २८व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शनही सांगितलंय.

सी-१०३: काकू, मी ओ निगेटिव्ह. रात्री दोनला फोन केलात तरी येईन.

ए-२०१ काका: पहिल्या खेपेला त्या इंजेक्शनची गरज नसते म्हणतात. आणि हे ग्रुप लग्नाआधीच जुळवायला हवेत.

बी-४०४ (रक्तपेढीत २२ वर्षं): काका, लग्न अडवण्यासारखं यात काही नाही. आपल्याकडे निगेटिव्ह माणसं शंभरात पाचेक, म्हणजे निगेटिव्ह मुलीचा नवरा बहुतेक वेळा पॉझिटिव्हच असणार. मग बाळही पॉझिटिव्ह असू शकतं. बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं की तिचं शरीर त्याला परकं समजून अँटीबॉडी तयार करतं. मिसळायचं प्रमाण बाळंतपणात जास्त, म्हणून पहिलं बाळ सहसा सुटतं आणि पुढच्याला त्रास होतो, कारण त्या अँटीबॉडी त्याच्या रक्तपेशी मोडतात. अँटी-डी त्या परक्या पेशी आधीच काढून टाकतं. म्हणून ते पहिल्याच खेपेला घ्यायचं. एकदा अँटीबॉडी झाल्या की इंजेक्शनचा उपयोग नाही. आणि ‘पहिली खेप’ मोजताना पडलेला गर्भही मोजा.

बी-३०२: ताईंचं शेवटचं वाक्य वाचून लिहितेय, आजवर इथे कधी बोलले नाही. माझा ए निगेटिव्ह. पहिल्या वेळी चौथ्या महिन्यात गर्भपात झाला. पिशवी साफ केली, दुसऱ्या दिवशी घरी. इंजेक्शनचं कुणी बोललं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. पुढच्या वेळी आयसीटी, म्हणजे आईच्या रक्तात त्या अँटीबॉडी आहेत का बघायची तपासणी, पॉझिटिव्ह आली. मग दर आठवड्याला डॉप्लर सोनोग्राफी, बाळाच्या डोक्यातल्या रक्तवाहिनीचा वेग बघायचा, म्हणजे अंगात रक्त किती कमी झालंय ते कळतं. दोनदा माझ्या पोटातून सुई घालून नाळेतून बाळाला रक्त दिलं. स्क्रीनवर सुईचं टोक दिसत होतं आणि मी श्वास रोखून पडले होते. चौतिसाव्या आठवड्यात लेक झाली, हळदीसारखी पिवळी. डोळ्यांवर पट्टी, निळ्या दिव्याखाली, आणि मी काचेबाहेर. रक्त बदलावंही लागलं. आज चौथीत आहे, खाली सायकल फिरवते ती तीच. पण हे सगळं एका इंजेक्शनने टळलं असतं, हे अजून सलतं.

ए-५०२ काकू: अगं बाई, काळजात धस्स झालं. एवढं सोसलंस आणि आम्हाला पत्ता नाही.

ए-२०१ काका: माफ करा ताई, मी ऐकीव बोललो.

सी-१०३: हे औषध माणसांच्याच प्लाझ्मापासून बनतं ना? ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी ११७३ वेळा दान केलं. २०२५ मध्ये वारले.

बी-४०४: हो, ज्यांच्या रक्तात ती अँटीबॉडी असते अशाच दात्यांकडून मिळतं. काकू, बाळंत झाल्यावर नाळेच्या रक्तातून बाळाचा ग्रुप बघायला सांगा. पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत दुसरा डोस. रात्री-सुट्टीत मिळेलच असं नाही, म्हणून आधीच सांगून ठेवा. मधे रक्त गेलं किंवा पोटाला मार बसला तर लगेच दवाखान्यात, आणि मी निगेटिव्ह आहे हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.

ए-५०२ सूनबाई: ताई, माझ्या फाईलमध्ये ग्रुप लिहिलाय, आयसीटीचा रिपोर्ट दिसत नाही.

बी-४०४: मग इंजेक्शनच्या आधी ती करून घे बाळा. अँटीबॉडी आधीच नाहीत ना, हे त्यातच कळतं. जमलं तर उद्याच.

ए-५०२ सूनबाई: उपाशीपोटी जावं लागतं का?

बी-४०४: अजिबात नाही. पोहे खाऊन जा. आणि नवऱ्याचा ग्रुप नक्की माहीत नसेल तर त्यालाही सोबत ने.