जुना कॅसेटवाला टीव्ही गेम नव्या एलईडीला जोडायचाय, सल्ला हवा

कृष्णाकाठ
मंडळी नमस्कार. दिवाळीच्या आवराआवरीत सांगलीच्या घरी माळ्यावर आमचा नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम सापडला. सामुराई कंपनीचा. दोन रिमोट, एक बंदूक आणि पाच-सहा पिवळ्या-काळ्या कॅसेट. अ‍ॅडॅप्टर गायब. घरी आता ४३ इंची एलईडी आहे, त्याला मागे पिवळी-पांढरी-लाल भोकं नाहीतच, नुसतं एचडीएमआय आणि एक बारीक हेडफोनसारखं भोक. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊ. दोघांनी बंदूक बघितल्यापासून डोकं खाल्लंय.
प्रश्न असे: हे चालू होईल का, काय काय घ्यावं लागेल, की सरळ नवीन काहीतरी घ्यावं? बजेट तीन हजारांपर्यंत. टीव्ही दुरुस्तीवाल्याने "टाकून द्या" एवढाच सल्ला दिला.

झटपट_राव
टाकून द्या म्हणणार नाही, पण कशाला एवढी यातायात? ते हातात धरायचं 'चारशे इन वन' मिळतं, पाच-सातशेत काम होतं. जत्रेत, मोबाईलच्या दुकानात, सगळीकडे आहे. मारिओ, कॉन्ट्रा सगळं त्यात. टीव्हीला लावायची वायरपण येते.

सोल्डरगन
झटपटराव, त्या चारशेमधले शंभरेक तरी तेच ते नाव बदलून असतात, आणि बटणं महिन्याभरात बसतात. त्याची एकच गोष्ट मला आवडते: बहुतेकांत जुन्या नोकियाची बीएल-५सी बॅटरी बसते, त्यामुळे ती कुठेही मिळते.
कृष्णाकाठ, तुमचा डबा चालू व्हायची शक्यता चांगली आहे. या यंत्रात बिघडण्यासारखं फारसं काही नसतंच. पण काहीही विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघून सांगा. एक, डब्याच्या मागे फक्त अँटेनाची वायर लावायचं भोक आहे की उजव्या अंगाला आणखी दोन भोकं आहेत? दोन, डब्याच्या बुडाला अ‍ॅडॅप्टरबद्दल काय लिहिलंय? व्होल्ट किती आणि त्याशेजारी अधिक-उणेचं गोल चिन्ह कसं आहे ते नीट बघा.
आणि तोपर्यंत घरातल्या वायफाय राउटरचा अ‍ॅडॅप्टर लावून बघू नका. पिन बसते म्हणून लोक हमखास लावतात. राउटरच्या पिनेत मध्यभागी अधिक असतो, आणि या गेममध्ये बऱ्याचदा मध्यभागी उणे असतो. उलटा करंट गेला की आतला रेग्युलेटर गेला म्हणून समजा.

अवनी_डोंबिवली
+१. आमच्याकडे मीडिया कंपनीचा होता, शेजाऱ्यांकडे लिटल मास्टर. आतून सगळे एकाच भट्टीचे. मूळ यंत्र निन्टेन्डोचं फॅमिकॉम, जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलं. त्याची नक्कल तैवान-चीनमध्ये एवढी झाली की आपल्याकडच्या बहुतेक घरांनी मूळ यंत्र डोळ्यांनीही पाहिलं नाही. कॅसेट मात्र त्याच ६० पिनांच्या, म्हणून एकाची दुसऱ्यात चालायची.

कृष्णाकाठ
सोल्डरगन, बघितलं. उजव्या बाजूला धुळीने बुजलेली दोन भोकं आहेत, एक पिवळं, एक पांढरं! आम्ही आयुष्यभर अँटेनाच्या वायरनेच खेळलो, ही आहेत हे माहीतच नव्हतं. बुडाला 'डीसी ९ व्ही' आणि गोलाच्या मधे वजाबाकीची खूण.

सोल्डरगन
वा, मग निम्मं काम झालं. पिवळं म्हणजे चित्र, पांढरं म्हणजे आवाज. आवाज एकच, स्टिरिओ नाही, त्यामुळे तिसऱ्या वायरीची गरज नाही.
अ‍ॅडॅप्टर: ९ व्होल्ट, मध्ये उणे, ५०० मिलिअँपिअरच्या वर काहीही. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचं सुटं सामान विकणारं कुठलंही दुकान. दुकानदाराला तोंडी सांगू नका, डब्याच्या बुडाचा फोटो दाखवा आणि मीटर लावून पिन तपासून घ्या. जुन्या पद्धतीचा जड, ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडॅप्टर दिला तर मीटरवर ९ ऐवजी १२-१३ दिसतील, घाबरू नका. भार नसताना तो तसाच दाखवतो, जोडल्यावर खाली येतो. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर बसलेला असतो, तो सगळ्याचे ५ व्होल्ट करतो आणि उरलेलं उष्णतेत घालवतो. म्हणून तर डबा उजव्या कोपऱ्यात गरम व्हायचा.
आता टीव्ही. ते हेडफोनसारखं भोक बहुतेक एव्हीचंच, म्हणजे चित्र-आवाज आत घ्यायचंच आहे, टीव्हीच्या पुस्तकात किंवा भोकाशेजारी 'एव्ही इन' लिहिलेलं असेल. त्याला एका टोकाला ३.५ मिमीची चार पट्ट्यांची पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांची भोकं असलेली वायर लागते. शंभर-दीडशेची वस्तू. गंमत अशी की त्या चार पट्ट्यांचा क्रम प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवलाय. चित्र आलं नाही तर पिवळी पिन लाल भोकात, मग पांढऱ्यात घालून बघा. तरीही नुसती घरघर आली तर त्या वायरीत अर्थिंगची पट्टी वेगळ्या जागी आहे, बदलून आणा.

परदेशी_पाखरू
मी तर म्हणेन एव्ही टू एचडीएमआयचा छोटा डबा घ्या. पाचशे-सातशेत येतो. मात्र दिशा बघून घ्या! दिसायला अगदी तसाच उलटा डबाही मिळतो, एचडीएमआय टू एव्ही, तो तुमच्या काहीच कामाचा नाही. निम्मे लोक तोच घेऊन येतात आणि मग रिव्ह्यूमध्ये एक तारा देतात.

सोल्डरगन
टीव्हीला एव्ही भोक असेल तर तो डबा शेवटी ठेवा. कारण सांगतो. टीव्हीचं नेहमीचं चित्र सम आणि विषम रेषा आलटून पालटून पाठवतं. हे गेम मात्र दर वेळी त्याच रेषा पाठवतात. स्वस्त डब्याला हे कळत नाही, तो दोन चित्रं एकात एक शिवायला जातो. मग मार लागल्यावर लुकलुकणारा मारिओ एकतर गायबच होतो नाहीतर कंगव्यासारखा कापलेला दिसतो. हे यंत्र एका आडव्या रेषेत आठच हलती चित्रं दाखवू शकतं, म्हणून गर्दी झाली की गेमवाले मुद्दाम आळीपाळीने लुकलुकवतात. म्हणजे लुकलुक सगळ्याच गेममध्ये, आणि स्वस्त डबा नेमका तिथेच मार खातो. टीव्हीतला सर्किटही कधीकधी हाच घोळ घालतो, पण निदान पैसे तरी गेलेले नसतात.
रेट्रोटिंकसारखे खास जुन्या गेमसाठी बनवलेले डबे हे सगळं चोख करतात. किंमत ऐकून मात्र मुलांना सायकल घ्याल.
टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधून चालू करा. नाहीतर बटण दाबलं आणि मारिओ खड्ड्यात पडल्यावर उडी मारतो, असं होतं.

कृष्णाकाठ
आणि बंदूक? मुलगी त्यासाठीच थांबली आहे.

सोल्डरगन
बंदुकीचं विसरा. एलईडीवर चालणार नाही, कुठल्याही वायरीने नाही, कुठल्याही डब्याने नाही.

अवनी_डोंबिवली
अहो, लहान मुलीला कारण तरी सांगा!
बंदुकीतून टीव्हीकडे काहीच जात नाही. तिच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा आहे, बस. बदकं मारायच्या गेममध्ये चाप ओढला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो, पुढच्या क्षणी बदकाच्या जागी फक्त पांढरा चौकोन काढतो. आधी काळं आणि लगेच उजेड दिसला तर नेम लागला. म्हणून बल्बकडे बंदूक धरून फसवता येत नाही, तिथे काळा क्षण येतच नाही. जुन्या डबा टीव्हीवर सिग्नल येताक्षणी पडद्यावर उमटायचा. एलईडी टीव्ही चित्र आधी साठवतो, नीटनेटकं करतो आणि मग दाखवतो. तेवढ्यात गेमने निकाल लावून टाकलेला असतो. शिवाय बंदुकीतलं सर्किट डबा टीव्हीच्या चमकेलाच प्रतिसाद देईल असं बनवलेलं आहे.
बदकंच मारायची असतील तर १४ इंची डबा टीव्ही शोधा. भंगारवाल्याकडे वजनावर मिळतो, पुण्यात असाल तर जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारा.

सोल्डरगन
फक्त तो उघडायचा नाही. बंद करून प्लग काढला तरी पिक्चर ट्यूबमध्ये बराच वेळ चार्ज राहतो आणि तो जिवावरचा असतो. चालू स्थितीत बघून घ्या, नाहीतर घेऊ नका.

झटपट_राव
कॅसेट लागत नसेल तर फुंकर मारायची. एवढा सल्ला तरी माझा घ्या.

परदेशी_पाखरू
राव, सगळ्या महाराष्ट्राने मारली ती फुंकर, आणि थुंकीचा ओलावा पिनांवर बसून त्या काळ्या पडल्या. कॅसेट काढून पुन्हा बसवली की पिना घासल्या जातात आणि चालते, श्रेय मिळतं फुंकरीला. आयसोप्रोपिल अल्कोहोल औषधाच्या दुकानात किंवा मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं. इअरबडला लावून पिना पुसा, काळपट जाईपर्यंत. सुकू द्या, मग लावा. फारच हट्टी डाग असेल तर शाळेतलं पांढरं खोडरबर, हलक्या हाताने.

कृष्णाकाठ
मंडळी, चालू झाला!!
अ‍ॅडॅप्टर दोनशे ऐंशी, वायर एकशे वीस. पहिल्यांदा चित्र आलंच नाही, पिवळी पिन लाल भोकात घातली आणि कॉन्ट्राचा पडदा आला. चार कॅसेट चालतात, एक मेली. मुलांनी पहिल्याच टप्प्यात तिन्ही जीव घालवले, मग मी जादा जीव मिळवायची वर-वर-खाली-खाली ही बटणांची युक्ती सांगितली आणि घरात माझी पत वाढली.
आता एक विचित्र शंका. मधल्या काळात भाच्याने फोनवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं अ‍ॅप, टाकून दिला होता. त्यावर तोच कॉन्ट्रा मला झेपतच नव्हता, फार पळत होता. वाटलं वय झालं. पण डब्यावर पुन्हा जमतंय! हा मनाचा खेळ आहे की खरंच काही फरक आहे?

सोल्डरगन
अहो, हाच प्रश्न कोणी विचारत नाही! फरक खरा आहे, आणि चांगला मोठा आहे.
हे गेम जपान-अमेरिकेच्या टीव्हीसाठी लिहिलेले, तिथे एनटीएससी पद्धत, सेकंदाला ६० चित्रं. आपल्याकडचे टीव्ही पॅल पद्धतीचे, सेकंदाला ५०. गेम आपली सगळी हालचाल चित्रांच्या हिशोबात मोजतो, एका चित्रात गोळी इतकी पुढे. ६० च्या जागी ५० आली की सगळा गेम सुमारे १७ टक्के हळू. गाण्याचा ठेकाही तितकाच हळू. सूर मात्र जवळजवळ तोच राहतो, कारण नकली यंत्रातल्या चिपची गती मुळाच्या अगदी जवळ ठेवली होती, १.७९ च्या जागी १.७७ मेगाहर्ट्झ. म्हणून कानाला बेसूर लागलं नाही आणि आपल्याला कधी कळलंच नाही. आपण सगळे संथ कॉन्ट्रावर पोसलेले आहोत.
एम्युलेटर मूळ ६० चा वेग देतो. त्यात प्रदेश निवडायची सोय असते, तिथे 'डेंडी' निवडा. रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या अशाच नकली यंत्राचं ते नाव, आणि आपल्याकडचे डबे त्याच जातकुळीतले. मेसेन आणि नेस्टोपिया या दोन्ही एम्युलेटरमध्ये ही सोय आहे.
फुकट उतरवलेल्या गेम फाइलींवर कंपन्यांचा हक्क असतो, तेवढं भाच्याला सांगून ठेवा. लॅपटॉपवर सरळ मार्गाने खेळायचं तर कोनामीनेच २०१९ मध्ये जुन्या कॉन्ट्रांचा संच स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात काढलाय. सेल लागला की घ्या.

अवनी_डोंबिवली
म्हणजे माझा भाऊ 'मी एका जीवात कॉन्ट्रा संपवला' म्हणून मिरवतो ते १७ टक्के सवलतीत! स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकलाय.

परदेशी_पाखरू
इथे अमेरिकेत मित्राच्या घरी मूळ यंत्रावर खेळायला बसलो आणि पहिल्या पुलापाशीच खलास झालो. आता कारण मिळालं. वाचनखूण साठवली.

झटपट_राव
च्यायला. मग माझ्या चारशे इन वनचा वेग कुठला?

सोल्डरगन
त्याच्या सेटिंगमध्ये किंवा टीव्ही-आउटमध्ये पॅल-एनटीएससीची निवड आहे का बघा. नसेल तर मारिओचं गाणं लावा, लहानपणीपेक्षा घाईत वाटलं तर ६०.

कृष्णाकाठ
शेवटचा त्रास देतो. दुसऱ्या रिमोटचं उडी मारायचं बटण जोरात दाबल्याशिवाय लागत नाही. नवीन रिमोट मिळेल का? पिन नऊ टोचांची आहे.

सोल्डरगन
मिळतात, पण कोणाचे नऊ टोच, कोणाचे पंधरा, त्यामुळे जुना सोबत नेऊन बसवून बघा. सेगाचा रिमोट नऊ टोचांचा असतो आणि बसतोही, पण आतली जोडणी वेगळी, तो लावू नका.
आधी उघडून तर बघा, मागे पाच-सहा स्क्रू आहेत. बटणाखाली रबराची टोपी असते, तिच्या पोटात काळी टिकली. टिकली आणि खालची सर्किटची जाळी दोन्ही अल्कोहोलने पुसा. टिकली गुळगुळीत चकचकीत झाली असेल तर तिच्यावर ६बी पेन्सिल घासा, ग्रॅफाइटमधून करंट जातो. काही महिने सहज निघतील. टर्बोची (दाबून धरली की आपोआप पुन्हा पुन्हा दाबल्यासारखी चालणारी) बटणं वेगळी असतील तर त्यांच्या टिकल्या कमी झिजलेल्या असतात, अदलाबदल करून टाका.

कृष्णाकाठ
टर्बोची टिकली उडीला लावली, चालतंय. पेन्सिलची गरज पडली नाही. मुलगी विचारतेय भंगारवाला कधी येतो.