नॅस घेतला म्हणजे बॅकअप झाला? अजिबात नाही

मंद्रसप्तक
कालच्या 'स्टोरेजची कटकट कायमची संपली' या धाग्यावर प्रतिसाद लिहायला घेतला आणि तो इतका लांबला की वेगळा धागाच काढतोय. ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लेखकाने घरी गाणी रेकॉर्ड करण्यासाठी चार डिस्कचा नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) घेतला, रेड ५ (डेटा चारही डिस्कवर विभागून ठेवायची पद्धत) लावलं, सगळी जुनी सेशन्स (गाण्यांचे रेकॉर्डिंग प्रोजेक्ट) त्यावर हलवली, एक्स्टर्नल डिस्क पुसून वाटून टाकल्या आणि आता लॅपटॉपवरून वायफायने थेट नॅसवरच रेकॉर्डिंग चाललंय. खाली नुसतं अभिनंदन. एकानेही विचारलं नाही की बाबा रे, दुसरी प्रत कुठे आहे?

रेड ५ मध्ये चारपैकी एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं. बस, एवढीच त्याची जबाबदारी. रात्री डोळ्यांवर झोप असताना 'ऑडिओ' फोल्डर डिलीट केलंत तर ते चारही डिस्कवरून तितक्याच इमानदारीने जातं. फाइल बिघडली तर बिघडलेलीच जपली जाते. चोरी झाली, आग लागली, पाणी शिरलं, तर चारही डिस्क एकाच डब्यात. त्यात या डिस्क बहुतेक वेळा एकाच वेळी घेतलेल्या, एकाच लॉटमधल्या. एक गेली की रीबिल्ड, म्हणजे तिच्या जागी घातलेल्या डिस्कवर डेटा पुन्हा बांधणं, सुरू होतं, मोठ्या डिस्कवर ते तासन्‌तास चालतं आणि तेवढ्या वेळात उरलेल्या तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. दुसरी जायची असेल तर नेमकी तेव्हा जाते.

आता थेट नॅसवर रेकॉर्डिंगचं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा मोनो ट्रॅक म्हणजे सेकंदाला १४४ केबी. असे ३२ ट्रॅक धरले तरी ४.६ एमबी. गिगाबिट केबलवर प्रत्यक्षात ११० एमबीच्या आसपास मिळतात, त्यामुळे वेग भरपूर आहे. पण प्रश्न वेगाचा नाहीच, उशिराचा आहे. १२८ सँपलच्या बफरला (आवाज क्षणभर साठवायच्या जागेला) जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद मिळतात, आणि वायफायने मध्येच डुलकी काढली की टेक (त्या खेपेचं गाणं) गेला. गायकाचा तो टेक परत येत नाही.

चालू काम लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर (न फिरणाऱ्या डिस्कवर). रात्री नॅसवर. नॅसवरून एक प्रत घराबाहेर. यात अवघड काय आहे?

उलटा फेडर
अर्धं बरोबर, अर्धं ऐकीव. बफर साइझचा डिस्कशी संबंध जोडलात तिथेच थांबलो. ते पावणेतीन मिलिसेकंद ऑडिओ इंटरफेसचे, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचे. डिस्कवरून वाचायचं ते डीएडब्ल्यू (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आधीच वाचून ठेवतो. रीपर या डीएडब्ल्यूमध्ये मीडिया बफर मुळातच १२०० मिलिसेकंदांचा असतो, बघा सेटिंगमध्ये जाऊन. सव्वा सेकंद नेटवर्क गायब झालं तरच काही ऐकू येईल.

मी कित्येक वर्षं केबलवरून नॅसवरच सेशन्स चालवतोय. वायफाय नको हे मान्य. पण 'नॅसवर काम करूच नका' हे म्हणजे आपल्याला जमलं नाही म्हणून जगाला मनाई.

मंद्रसप्तक
बफरचं तुमचं बरोबर, तेवढंच. पण मग हे सांगा, अर्धा तास कोणी हात लावला नाही की नॅसच्या डिस्क झोपतात की नाही? पुन्हा फिरायला काही सेकंद लागतात. तुमचा १२०० मिलिसेकंदांचा बफर तिथे काय करणार? गायक पाणी पिऊन येतो, तुम्ही प्ले दाबता, कर्सर जागचा हलत नाही आणि मग 'डिस्क टू स्लो'.

उलटा फेडर
डिस्क झोपवायचं सेटिंग बंद करता येतं हो. एक टिकमार्क आहे.

खरखर
झोपवलेलीच बरी. नॅस टेबलाखाली ठेवून कंडेन्सर माइकसमोर गाणाऱ्यांनो, तुमचे ट्रॅक कधी स्पेक्ट्रम अनालायझरमध्ये (आवाजातल्या फ्रिक्वेन्सींच्या आलेखात) बघितलेत का? एका मित्राच्या प्रत्येक व्होकल ट्रॅकवर १२० हर्ट्झची बारीक रेघ होती. तो ग्राउंड लूप (अर्थिंगमधून येणारी विजेची गुणगुण) शोधत बसला, केबल बदलल्या, इंटरफेस बदलायला निघाला होता. आमची वीज ५० हर्ट्झची, तिचा हम आला तर ५०, १००, १५० वर येणार. १२० कुठून? ७२०० आरपीएम भागिले ६०, करा हिशोब. डिस्कचं फिरणं टेबलातून माइकच्या स्टँडमध्ये चढत होतं. नॅस बाहेर पॅसेजमध्ये नेला, रेघ गायब.

धाग्याचा विषय हा नाही माहितीये, पण यावर कोणी बोलतच नाही.

शांत_खोली
ज्याच्या नावाने हा धागा निघालाय तो मीच. निदान मला टॅग करायची सभ्यता दाखवायची होती.

मी लिहिलं होतं की मी हौशी माणूस आहे. माझ्या गाण्यांना कोणी गिऱ्हाईक नाही. आधी पाच एक्स्टर्नल डिस्क होत्या, कुठलं सेशन कशात हे शोधण्यात संध्याकाळ जायची आणि गाणं राहून जायचं. आता एका जागी सगळं आहे. मला त्याचा आनंद झाला, तो लिहिला. त्यावर पाणी ओतायला एवढा मोठा निबंध? आणि वायफायवर एकदाही टेक गेलेला नाही.

रेड म्हणजे काहीच नाही असं जे चाललंय तेही पटत नाही. डिस्क मरणं हाच सगळ्यात नेहमीचा अपघात आहे आणि त्यावर तो उपाय आहे. गाडीत स्टेपनी असते म्हणून कोणी हसतं का?

मंद्रसप्तक
स्टेपनी ठेवा की. स्टेपनी आहे म्हणून विमा रद्द करू नका, एवढंच म्हणतोय. तुम्ही एक्स्टर्नल डिस्क *पुसल्यात*. त्यातली एक जरी भावाच्या घरी ठेवली असतीत तर मी हा धागा काढलाच नसता.

तिसरी घंटा
उपमांनी डेटा वाचत नाही, दोघांनाही सांगतेय. :)

डिस्क मरणं हा नेहमीचा अपघात असेल, पण एकमेव नाही. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर हे रॅन्समवेअर आलं, त्याने क्यूनॅप कंपनीच्या नॅसमधल्या फाइल पासवर्ड लावलेल्या सेव्हन-झिपमध्ये कोंबल्या आणि खंडणी मागितली. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट. दोन्ही वेळा इंटरनेटला उघडे ठेवलेले नॅस सापडले. बाहेरून सेशन उघडता यावं म्हणून राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडून ठेवणारे इथे किती जण आहेत? हात वर करू नका, जाऊन बंद करा.

आणि नॅस लॅपटॉपला कायम जोडलेला, लिहायची परवानगी चालू, मग लॅपटॉपवर रॅन्समवेअर आलं तर ते नॅसवरही पोचतं. म्हणून स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी फाइल जशा होत्या तशी गोठवलेली नोंद. नॅसची फाइल सिस्टिम बीटीआरएफएस किंवा झेडएफएस असेल तर ते जवळपास फुकट मिळतात. डिलीट केलेलं फोल्डरही कालच्या स्नॅपशॉटमधून परत येतं, त्यामुळे धागाकर्त्याचा तो मुद्दा निम्मा गळतो. निम्माच, कारण स्नॅपशॉटही त्याच डब्यात असतो.

बेसुरा
क्लाउडवर टाका, विषय संपला. कशाला डबे सांभाळता.

खरखर
एक टीबी, २० एमबीपीएस अपलोड. ओळ अखंड चालली तर साडेचार दिवसांच्या वर. तोवर घरातले बाकीचे व्हिडिओ कॉल करणार नाहीत, नाही का?

तिसरी घंटा
आणि 'क्लाउडवर' म्हणजे नेमकं कुठे? २०१९ मध्ये मायस्पेस या सोशल साइटने मान्य केलं की सर्व्हर हलवताना लोकांनी चढवलेलं जुनं संगीत गेलं. २००३ ते २०१५ मधलं. पाच कोटींच्या वर गाणी गेल्याचे आकडे तेव्हा छापून आले. कित्येकांकडे तीच एकमेव प्रत होती. क्लाउड चालेल, पण *आणखी* एक प्रत म्हणून. सिंक होणारं फोल्डर तर त्यात धरूच नका, इथे डिलीट केलं की तिथेही जातं.

केबलचोर
तुम्ही सगळे डिस्क वाचवताय. गाणं कोण वाचवणार?

माझ्याकडे जुन्या सेशन्सच्या तीन-तीन प्रती आहेत, एकही बाइट हललेली नाही. आणि उघडत एकही नाही. क्यूबेस ९ या डीएडब्ल्यूने २०१६ मध्ये ३२ बिट प्लगिन (त्यात जोडायचे वाद्यांचे, इफेक्टचे प्रोग्राम) बंद केले. मॅकवर २०१९ मध्ये कॅटालिना आलं, ३२ बिट सगळंच संपलं. २०२२ मध्ये क्यूबेसवाल्या स्टाइनबर्गने सांगितलं की आता व्हीएसटी २ हा प्लगिनचा जुना प्रकार पण गुंडाळणार. त्यात हल्ली भाड्याचे प्लगिन. महिन्याचे पैसे थांबले की सिंथ (सॉफ्टवेअरमधलं वाद्य) मुका. ज्या सिंथवर अख्खं गाणं उभं आहे त्याची कंपनीच बंद पडली, ऑथरायझेशनचा सर्व्हर गेला. आता तो बॅकअप घेऊन काय पूजा घालू?

सेशन म्हणजे गाणं नव्हे. गाणं झालं की प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून वेव्ह फाइलमध्ये प्रिंट करा, म्हणजे नुसता आवाज म्हणून उतरवा. वेव्ह १९९१ पासून आहे, कुठेही उघडतो. त्याचा बॅकअप घ्या. बाकी सेशन गेलं तरी रडू नका.

बेसुरा
हे सगळ्यात चुकीचं. प्रिंट केलेला ट्रॅक म्हणजे त्या दिवशीचा निर्णय गोठवणं. उद्या ओळीतला एक स्वर बदलायचाय, सिंथचा फिल्टर थोडा उघडायचाय, कसं करणार? रिव्हर्ब (घुमारा) एकदा आत गेला की बाहेर काढून दाखवा.

केबलचोर
म्हणून कोरडा (इफेक्टविना) वेगळा, ओला (इफेक्टसकट) वेगळा प्रिंट करायचा. मिडी फाइल (कुठला स्वर कधी, याची नोंद) वेगळी काढायची. टेम्पो मॅप (लय कुठे किती, ते) त्यात येतो. हे रोजचं काम आहे, रॉकेट सायन्स नाही.

बेसुरा
४० ट्रॅकचं गाणं, प्रत्येकाच्या दोन प्रती, वर मिडी, वर टेम्पो. मग गाणं कधी करायचं?

केबलचोर
चार मिनिटांचं गाणं, ४० स्टिरिओ ट्रॅक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ: पावणेतीन जीबीच्या आसपास. दोन प्रती धरा, साडेपाच. तुमच्या एकेका पियानो लायब्ररीपेक्षा (सँपलच्या संचापेक्षा) कमी. आणि वेळ लागतो म्हणत असाल तर बाउन्स (हेच प्रिंट) लावून जेवायला जा.

बेसुरा
जागेचं नाही बोललो मी. वाचायला शिका आधी.

केबलचोर
तुम्ही आधी एक जुनं सेशन उघडून दाखवा, मग मला वाचायला शिकवा. दहा वर्षांपूर्वीचं. आहे तसं. मी थांबतो.

निशाचर
दोघंही जरा दमानं घ्या. मी लोकांची गाणी मिक्स करून पोट भरतो आणि माझ्याकडे सेशनही येतात, प्रिंट केलेले ट्रॅकही. सेशन पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे फाइलच अपुऱ्या असतात, त्यासाठी प्लगिन बंद पडावे लागत नाहीत. 'डाउनलोड्स'मधून ओढून टाकलेला तो एक शेकर सेशनच्या फोल्डरमध्ये कधी गेलेलाच नसतो. त्यांच्या मशीनवर वाजतो, नॅसवरच्या बॅकअपमध्ये नसतो, माझ्याकडे तर प्रश्नच नाही. एबलटनमध्ये 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' आहे, रीपरमध्ये 'सेव्ह ॲज' करताना मीडिया कॉपी करायचा पर्याय आहे, क्यूबेसमध्ये 'बॅकअप प्रोजेक्ट'. वापरतं कोण?

त्यामुळे रेड का स्नॅपशॉट, सेशन का स्टेम (काही ट्रॅक एकत्र करून प्रिंट केलेली फाइल), हे नंतर भांडा. बॅकअपमधलं एक गाणं दुसऱ्या कॉम्प्युटरवर, नेटवर्क काढून, उघडून बघा. जे 'मिसिंग' म्हणून लाल दिसेल ती तुमची खरी यादी.

बेसुरा, तुमचा मुद्दा चालू कामाला लागू आहे, संपलेल्या गाण्याला नाही. आणि केबलचोर, गिऱ्हाइकाने दोन वर्षांनी 'फक्त कोरसमधला दुसरा आवाज बदला' म्हटलं तर तुमच्या स्टेम्समध्ये दोन्ही आवाज एकत्र गेलेले असतात, हे मी पाहिलंय.

केबलचोर
मी 'प्रत्येक ट्रॅक' म्हटलं होतं, स्टेम म्हटलंच नव्हतं. असो. सेशनही ठेवा, माझी ना नाही. फक्त त्यावर विसंबू नका.

बेसुरा
आता 'सेशनही ठेवा'. मघाशी 'गेलं तरी रडू नका' होतं. चालू द्या.

उलटा फेडर
मूळ धागा नॅसचा होता, कोणाला आठवतंय का?

मंद्रसप्तक
मला. आणि लायब्ऱ्यांचा विषय निघालाच आहे तर, त्या घराबाहेरच्या प्रतीत कोंबू नका. परत डाउनलोड होतात. आपण केलेले प्रीसेट, आपण रेकॉर्ड केलेले सँपल तेवढे घ्या. एवढं केलंत तर त्या साडेचार दिवसांची भीती उरत नाही, पहिली खेप एकदाच जाते, पुढे रोजचे बदल तेवढे.

खरखर
बंद पडलेल्या कंपनीची लायब्ररी कुठून परत डाउनलोड करणार ते केबलचोरना विचारा.

मंद्रसप्तक
बरं, ती घ्या. अपवाद शोधायला बसलायत सगळे.

शांत_खोली
निशाचर म्हणाले तसं एक गाणं पत्नीच्या लॅपटॉपवर उघडून पाहिलं. आकडा सांगत नाही. बरंच लाल होतं.

एक मोठी एक्स्टर्नल डिस्क मागवली आहे, महिन्याच्या महिन्याला कॉपी करून बहिणीकडे ठेवीन. झालं समाधान? राउटरवरचं पोर्टही बंद केलं, त्याबद्दल तिसरी घंटा यांचे आभार. धागाकर्त्यांचे नाहीत, त्यांचा सूर अजूनही पटलेला नाही. सेशन्स मात्र नॅसवरच राहणार. वायफाय सोडतोय, केबल टाकतोय.

मंद्रसप्तक
सुराचं जाऊ द्या. महिन्याला कशाला, आठवड्याला करा.

शांत_खोली
महिन्याला.

उलटा फेडर
केबल टाकताच आहात तर कॅट ६ए टाका, परत भिंत फोडायला नको.

केबलचोर
गिगाबिटला कॅट ५ई शंभर मीटरपर्यंत पुरते. उगाच लोकांना जाड वायर वाकवायला लावू नका.

उलटा फेडर
आणि उद्या १० गिगाबिटचा नॅस घेतला तर?

केबलचोर
गिटार आणि एक गळा रेकॉर्ड करायला?

खरखर
वायर कुठलीही टाका, फक्त माइकच्या केबलला चिकटवून नेऊ नका आणि डबा पॅसेजमध्ये ठेवा. पुन्हा सांगतोय.