कोल्हापूर–तिरुपती: विमान बरं की हरिप्रिया?

उजळाईवाडीकर: आत्याला बालाजीला न्यायचंय, त्यावरून घरात वाद पेटलाय. सरळ रेषेत अंतर साधारण 655 किमी. एटीआर, म्हणजे ते पंख्यांचं छोटं विमान, ताशी 500 किमीच्या आसपास उडतं, म्हणजे दीड-पावणेदोन तासांत तिरुपती. हरिप्रिया एक्सप्रेस मिरज, बेळगाव, लोंडा, हुबळी, बळ्ळारी, गुंतकल, कडप्पा असा वळसा घेत नऊशेच्या आसपास किमी धावते आणि वीस-एकवीस तास खाते. 2019 ला इंडिगोनं कोल्हापूर–तिरुपती विमानसेवा सुरू केली तेव्हापासून माझं मत एकच: म्हाताऱ्या माणसाला त्या गाडीनं नेणं म्हणजे छळ.

मिरजकर: छळ कसला? आमच्या तर दारातनं जाते गाडी. विमानासाठी मी पन्नासेक किमी उलटं उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर यायचं, तासभर आधी हजर व्हायचं, तिकडं उतरून बॅगेची वाट बघायची. तिथला विमानतळही गावात नाही, रेणिगुंट्याला आहे. पुढं टॅक्सी, डोंगराच्या पायथ्याशी अलिपिरीची तपासणी, मग घाट. तुमच्या दीड तासाचे सात कधी झाले कळत नाही.

उजळाईवाडीकर: सात धरा हो. मग अलिपिरी आणि घाट हरिप्रियावाल्यांना चुकतो का? त्यांचेही चोवीस होतात.

पेठेतला: दोघंबी दर्शनाचं विसरलाय. 300 रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन तारीख-वेळ ठरवूनच मिळतं, आणि ते काही महिने आधी काढावं लागतं. तेवढ्यात विमानाचं वेळापत्रक बदलतं. जुलैत ढग खाली आले की उड्डाणच रद्द. आमचं झालंय तसं. तिकिटाचे पैसे परत आले, पण दर्शनाची वेळ गेली ती गेलीच. रेल्वे दोन तास उशिरा का होईना, पोचवते.

उजळाईवाडीकर: एक दिवस आधी जायचं की मग.

पेठेतला: म्हणजे विमानानं वाचवलेला दिवस तिथल्या लॉजवर काढायचा! वर त्याचं भाडं. त्यापेक्षा स्लीपरमध्ये झोपून गेलेलं काय वाईट?

राजारामपुरीची सून: आत्याला कुणी विचारलंय का? आमच्या सासूबाईंचे गुडघे गेलेत. खालच्या बर्थवर पाय पसरता येतात हे खरं, पण रात्री गुंतकलच्या आसपास हलत्या डब्यातनं त्यांना बाथरूमला नेऊन आणलं, तेव्हा माझाच जीव गोळा झाला. तिथं कमोड नव्हता, धरायला नुसती एक दांडी. म्हणून आता जाताना विमान, दर्शनाच्या आदल्या दिवशीचं. लॉजवर एक रात्र पाठ टेकली की दुसऱ्या दिवशी रांगेत उभं राहायचं बळ येतं. येताना मात्र हरिप्रिया. घाई नसते, लाडवांचं वजन करत बसावं लागत नाही, आणि स्टेशनवरनं रिक्षा करून थेट अंबाबाई. बालाजीनंतर तिचं दर्शन झाल्याशिवाय यात्रा पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

मिरजकर: हे पटलं. येताना तर गाडीच.

उजळाईवाडीकर: येतानाही विमानच. लाडू हातातल्या पिशवीत सात किलोपर्यंत चालतात.