सोयाबीन: कधी पावसाचा खंड, कधी अतिवृष्टी. विद्यापीठाच्या शिफारशी रानात कामाला येतात का?

हिंगोलीकर:
राम राम मंडळी. कोरडवाहू शेती, सोयाबीन अन् तूर. 2023 ला अख्खा ऑगस्ट कोरडा गेला, ऐन फुलोऱ्यात. 2024 ला सप्टेंबर लागला नाही तोच असा पाऊस की रानात पाणी तुंबून पीक पिवळं पडलं. वडील म्हणतात निसर्गापुढं कुणाचं चालत नाही. पण परभणीला कृषी विद्यापीठ आहे, एवढं संशोधन होतंय, त्यातलं कुणी स्वतः करून बघितलंय का? जाहिरात नको, अनुभव सांगा.

काळी_माती:
भाऊ, बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा-सरी करा, बाकी सगळं नंतर. गादीवर चार ओळी अन् दोन्ही बाजूला सरी. कमी पावसात पाणी सरीत मुरतं, खंड पडला की सपाट पेरणीच्या रानाला भेगा पडतात पण सरीतली माती उकरली तर खाली ओल लागते. जास्त झाला तर तीच सरी पाणी बाहेर काढते, म्हणून शेवटचं तोंड चराला काढून द्या, बरेच जण हेच विसरतात अन् मग म्हणतात फायदा नाही. पेरणी उताराला आडवी. बियाणंही कमी लागतं.

कृषी_पदवीधर:
सहमत. जोडीला वाणाचं बघा. आपल्याकडं अजून जेएस 335 च चालतं, ते 1994 चं. परभणीचं एमएयूएस 612 किंवा राहुरी विद्यापीठाचं फुले संगम घ्या, संगम थोडं उशिरा येतं पण तांबेरा रोगाला चांगलं टिकतं. सगळ्या रानात एकच वाण नको, म्हणजे खंड पडला तरी सगळं पीक एकदम फुलोऱ्यात सापडत नाही. हलक्या रानात तूर बीडीएन 711, लवकर येते, ओल संपायच्या आत निघते. अन् 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. खंडात 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट) ची फवारणी, 10 लिटरला 100 ग्रॅम, ओल थोडी शिल्लक असतानाच, पीक सुकून गेल्यावर मारून काही होत नाही.

औंढा_शेतकरी:
सगळं पटतं पण बीबीएफ यंत्र गावात एक, वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, सगळ्यांचा एकाच वेळी. नंबर लागेपर्यंत ओल उडून जाते. आधी शास्त्रज्ञांनी याचं उत्तर द्यावं, गरीब माणसानं करायचं काय?

काळी_माती:
दादा, अडचण खरी आहे. यंत्र नाही मिळालं तर नेहमीसारखं पेरा, पीक महिन्याचं व्हायच्या आत कोळप्याला (तण काढायच्या औताला) दोरी गुंडाळून दर चार ओळींनंतर सरी पाडा. बैलावर होतं, खर्च दोरीचा. हेही विद्यापीठानंच सांगितलेलं आहे, फक्त गावात कुणी येऊन दाखवत नाही याचं वाईट वाटतं.

हिंगोलीकर:
दोरीचं माहीतच नव्हतं. बांधायची कुठं, फासाच्या वर का जानोळ्याला? फोटो असला तर टाका, वडिलांना दाखवतो.