मदत हवी आहे: पत्र्याच्या वर्गातला दुपारचा उकाडा आणि मुलांचा अभ्यास

पडवी:

नमस्कार मंडळी, बांधकाम किंवा शाळा यातलं कोणाला कळत असेल तर प्लीज वेळ काढून वाचा, पोस्ट जरा मोठी होणार आहे.

आम्ही दापोली तालुक्यात समुद्राजवळच्या गावात राहतो, मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत आहे आणि यंदा मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शाळेची इमारत चिऱ्याची, कौलारू. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळात कौलं उडाली, रिपा मोडल्या आणि मग दुरुस्तीत दोन खोल्यांवर कौलांऐवजी पत्रे आले. तेव्हा कोणाची काही तक्रार नव्हती, पाऊस तोंडावर होता आणि पत्रा पटकन होतो. पण आता सहावी-सातवी त्याच खोल्यांत बसते आणि फेब्रुवारी संपत आला की जेवणाच्या सुट्टीनंतर तिथे बसवत नाही.

परवा गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसून बघितलं. पत्रा तापून वर तडतड वाजत असतो. लिहिताना मुलांचा हात घामाने वहीला चिकटतो, उचलला की पान पण वर येतं, त्यामुळे बऱ्याच जणांनी हाताखाली रुमाल ठेवायची सवयच लावून घेतलीय. एक पंखा फिरतोय पण तो वरची गरम हवाच खाली ढकलतो. बाई मनापासून शिकवत होत्या, तरी भागाकाराचं एकच उदाहरण परत परत सांगावं लागत होतं, आणि हीच मुलं सकाळी पहिल्या तासाला फटाफट हात वर करतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. घरातलं भिंतीवरचं थर्मामीटर नेऊन एकाच दुपारी दोन्हीकडे लावलं, कौलारू खोलीत 33 आणि पत्र्याच्या खोलीत 37.

मीटिंगमध्ये विषय काढला तर उत्तर आलं की विदर्भात 45 असतं, आपल्याकडे 34 ला काय होतंय, आम्ही पण असेच शिकलो. मला हे अजिबात पटलेलं नाही. हवामान खातं सुद्धा मैदानी भागात 40 अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, पण किनाऱ्यावर 37 पासून (अर्थात नेहमीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त असेल तर). आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, मग अंग थंड कसं होणार?

शोधाशोध केली तर 2020 मध्ये आलेला अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मिळाला, सुमारे 1 कोटी हायस्कूलच्या मुलांचे परीक्षेचे मार्क घेतलेले, त्यात शाळेचं वर्ष एक अंश फॅरनहाइटने म्हणजे साधारण अर्धा अंश सेल्सिअसने जास्त गरम गेलं की त्या वर्षीचं शिकणं जवळजवळ 1 टक्क्याने कमी झालेलं दिसलं, आणि जिथे वर्गात एसी होता तिथे हा फरक बहुतेक पुसला गेला. 1 टक्का ऐकायला कमी वाटतो, पण आमची मुलं दरवर्षी त्याच खोलीत बसणार आहेत.

एसी आमच्याकडे होणार नाही, विजेचं बिल कोण भरणार, आणि दुपारी लाइट जाते ती वेगळीच. म्हणून विचारते, कमी खर्चात खरा फरक कशाने पडेल? कोणीतरी कूलर द्यायला तयार आहे, घ्यावा का? आणि समितीसमोर काय मांडलं तर ऐकतील?

चिरेबंदी:

ताई, मी रत्नागिरीत घरांची डिझाइनची कामं करतो. पहिलं म्हणजे कूलर घेऊ नका. तो पाण्याची वाफ करून हवा थंड करतो, नागपूरच्या कोरड्या हवेत जमतं, आपल्याकडे हवा आधीच ओली असते त्यामुळे गारवा नावाला आणि खोलीत चिकचिक वाढते.

माणसाला किती गरम वाटतं याच्यात सहा गोष्टी धरतात: हवेचं तापमान, आजूबाजूच्या तापलेल्या पृष्ठभागांची धग, दमटपणा, वारा, कपडे आणि शरीराची हालचाल. फॅंगर नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास हे गणित मांडलं, अजून तेच वापरतात. तुमच्या थर्मामीटरवर 4 अंशांचा फरक दिसला, पण मुलांच्या डोक्यावर पत्र्याची जी धग येते ती त्यात नीट मोजली जात नाही, त्यामुळे त्रास आकड्यापेक्षा जास्तच असणार. तेव्हा पैसे आधी पत्र्यावर खर्च करा.

बाहेरून पांढरा थर द्या. चुना सगळ्यात स्वस्त, पण आपल्या पावसात टिकत नाही, दिवाळीनंतर दरवर्षी मारावा लागेल. छपरासाठीचा पांढरा वॉटरप्रूफ पेंट जास्त टिकतो, पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरून तो काळा पडतो आणि काळा पडला की उपयोग संपला, म्हणून नोव्हेंबरमध्ये घासून धुवायचं काम कोणाच्या तरी नावावर लावूनच ठेवा. खारी हवा आहे, आधी गंज काढून प्रायमर मारा नाहीतर पापुद्रे सुटतील.

आतून सीलिंग करा आणि पत्रा व सीलिंगच्या मध्ये हवेला जागा ठेवा. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतीत वरच्या बाजूला जाळीची भोकं ठेवली तर तिथली गरम हवा बाहेर जाते. हे विसरतात आणि मग सीलिंग करून पण खोली तापते असं म्हणतात. थर्माकोल मात्र लावू नका, आग लागली तर मुलांच्या डोक्यावर पेटेल.

खिडक्या कुठल्या बाजूला आहेत?

पडवी:

दादा, खूप आभार. खिडक्या पूर्वेला रस्त्याकडे, पश्चिमेची भिंत पूर्ण बंद आहे, तिकडे पलीकडे नुसतं गवत आणि सुरूची झाडं.

चिरेबंदी:

मग अर्धं दुखणं तिथेच आहे. दुपारभर खारे वारे पश्चिमेकडून येतात आणि तुमच्या भिंतीवर आपटून परत जातात. त्या भिंतीत वरती दोन झरोके आणि खाली बाकाच्या उंचीला एखादी खिडकी काढता येते का बघा, चिऱ्याच्या भिंतीत हे काम अवघड नाही, फक्त वर लिंटेल (भोकावरचा भार पेलणारी आडवी तुळई) घालायला विसरू नका आणि पावसासाठी बाहेरून पडवीसारखं छज्जं काढा. अंगावर वारा लागला की तेच तापमान दोन-तीन अंशांनी कमी वाटतं.

मालवणी मास्तर:

ताई, मी तीस वर्षं प्राथमिकला शिकवलं. पैसे न लागणारं काम आधी करून घ्या: वेळापत्रक. गणित आणि भाषा पहिल्या तीन तासांत, दुपारी चित्रकला, कार्यानुभव, गोष्टी, आणि हे तास सरळ झाडाखाली किंवा कौलारू खोलीच्या ओसरीवर. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू होते तेव्हा सोपं जातं, पण लांबच्या वाडीवरची मुलं चालत येतात त्यांना विचारून वेळ ठरवा. केरळमध्ये 2019 पासून शाळांत पाणी प्यायची वेगळी घंटा होते, ती तुम्ही उद्यापासून सुरू करू शकता. मुली पाणी कमी पितात कारण बाथरूमला जायची लाज किंवा भीती, तिकडे पण लक्ष द्या.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं, पटावर 31 ते 100 मुलं असतील तर 25,000 पर्यंत. त्यातच लाइटबिल, खडू, दुरुस्ती सगळं बसवायचं असतं, त्यामुळे रंगाचं काम त्यातून करा आणि सीलिंग व खिडक्यांसाठी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात ठराव घाला. ग्रामसभेत तोंडी बोलून होत नाही, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि एक, भारतातला पण एक अभ्यास फिरत असतो, वर्षात जास्त उष्ण दिवस आले की ग्रामीण मुलांचे गणित-वाचनाचे गुण घसरतात असा. तो खरा आहे, पण त्यात मुख्य कारण शेतीचं उत्पन्न कमी होणं हे निघालं. तो छताच्या मुद्द्याला जोडू नका, कोणी वाचलेला निघाला तर तुमचा बाकीचा मुद्दा पण पडेल. त्यापेक्षा बोस्टनचा 2016 चा सांगा. उष्णतेच्या लाटेत एसी नसलेल्या हॉस्टेलमधल्या तरुण, धडधाकट कॉलेजच्या मुलांची चाचण्यांमध्ये उत्तर द्यायची गती सुमारे 13 टक्क्यांनी मंद निघाली होती. "मुलं आहेत, सवय होईल" याला हे चांगलं उत्तर आहे.

पडवी:

सर, दादा, मनापासून आभार, कूलरला नाही म्हणून आजच कळवते. पुढच्या मीटिंगला आकडे सांगण्याऐवजी सगळ्यांना दुपारी दोन वाजता त्याच वर्गात बसवून मीटिंग घ्यायची असं मुख्याध्यापकांशी बोलले, ते हो म्हणालेत. पाण्याची घंटा सोमवारपासून.

आता एकच अडलंय. सीलिंगसाठी गावातले बुरूड बांबूचे तट्टे विणून द्यायला तयार आहेत, स्वस्त पण पडेल, पण वाळवी आणि उंदरांचं काय करायचं? कोणी शाळेत किंवा घरात तट्टे लावून चार पावसाळे काढले असतील तर बांबूला काय लावलं होतं ते सांगा, मुलं खाली बसणार आहेत त्यामुळे वासाचं किंवा विषारी काही नको.