फ्लॅगशिप (कंपनीचे सगळ्यात वरचे) फोन सव्वा-दीड लाखाला पोचले, यात हप्त्यांचा हात किती?

रंकाळा_वारा (प्रश्न)

कोल्हापुरात राजारामपुरीत फोन बघायला गेलं की आधी महिन्याचा आकडा कानावर येतो, किंमत विचारली तर मग सांगतात. आयफोन १७ प्रो (२५६ जीबी) १,३४,९०० रुपये, पण बोलायची भाषा "महिना साडेपाच हजार". साधा १७ आहे ८२,९०० चा, तो "महिना साडेतीन". गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा १,२९,९९९ ला आला, त्याचंही तेच.

दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हप्त्यांची सोय झाली म्हणून कंपन्यांनी किंमती वर नेल्या, की किंमती वर गेल्या म्हणून हप्ते आले? आणि "नो कॉस्ट ईएमआय" म्हणतात त्यात कॉस्ट नक्की कुठं लपते? पाडव्याला घरात एक फोन घ्यायचा आहे. "ऐपत असेल तरच घ्या" हे माहीत आहे, आकड्यांत सांगा.

हिशेबवही

पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. सगळं खापर हप्त्यांवर फोडण्याआधी एक जोडी तपासा. २०१७ चा आयफोन एक्स: अमेरिकेत ९९९ डॉलर, भारतात ८९,००० रुपये. २०२४ चा १६ प्रो: अमेरिकेत ९९९ डॉलरच, भारतात १,१९,९००. डॉलरमधली सुरुवातीची किंमत सात वर्षं जागेवर आणि आपल्याकडे जवळपास ३१ हजारांची वाढ.

ती कुठून आली? २०१७ मध्ये डॉलर ६४-६५ रुपयांच्या आसपास होता, सप्टेंबर २०२४ मध्ये ८४ च्या जवळ. नुसत्या रुपयाच्या घसरणीने तीस टक्के गेले. मोबाईलवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १२ चा १८ टक्के झाला. २०२५ च्या सप्टेंबरात बऱ्याच वस्तूंचे दर उतरले तेव्हाही मोबाईल १८ वरच राहिला. आयात शुल्क २०१८ च्या बजेटमध्ये २० टक्क्यांवर गेलं, जुलै २०२४ मध्ये १५ वर आलं. हे सगळं जोडलं की ३१ हजार पुरते भरून निघतात. त्या जोडीत हप्त्याचा वाटा शोधायला गेलात तर हाताला काही लागणार नाही.

त्यामुळे "ईएमआयमुळे फोन महाग झाले" हे वाक्य जसंच्या तसं मला पटत नाही.

तिसरी_गल्ली

हिशेबवही, आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही सुरुवात २०१७ पासून केलीत. डॉलरमधली उडी त्याच्या आधी आणि त्याच साली झाली, ती तुमच्या जोडीत दिसणारच नाही.

अमेरिकेत २००८ चा आयफोन ३जी दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळायचा. उरलेली किंमत नेटवर्क देणारी मोबाईल कंपनी भरायची आणि ग्राहकाच्या मासिक बिलातून वसूल करायची. २०१३ मध्ये टी-मोबाईल या तिथल्या नेटवर्क कंपनीने ही पद्धत मोडली, बाकीचे मागोमाग आले. फोनची किंमत वेगळी आणि सेवेचं बिल वेगळं झालं. फोनची खरी किंमत लोकांना पहिल्यांदाच दिसली, पण दिसली ती २४ भागांत चिरलेली.

आता गणित बघा. २०१४ चा आयफोन ६ होता ६४९ डॉलरचा. भागिले २४, महिना २७ डॉलर. ९९९ डॉलरचा फोन २४ महिन्यांत बसतो ४१.६० ला, हा फरक डोळ्यात भरतो. मग मुदत ३६ महिने झाली (व्हेरायझन ही दुसरी नेटवर्क कंपनी २०२२ मध्ये ३६ वर गेली) आणि ९९९ भागिले ३६ म्हणजे २७.७५. साडेतीनशे डॉलर वाढले, महिन्याला वाढ पाऊण डॉलरची. किंमत वाढली की मुदत ताणायची, महिन्याचा आकडा हलू द्यायचा नाही.

आपल्याकडे बहुतेक लोक प्रीपेडवाले, त्यामुळे नेटवर्कवाली कंपनी फोनचे पैसे भरत नाही. ते काम बँकेच्या कार्डाने आणि फायनान्स कंपनीने उचललं. परिणाम दोन.

एक, माणूस वरच्या मॉडेलवर सरकतो. साधा १७ आणि १७ प्रो यांत फरक ५२,००० चा. हा आकडा ऐकून माणूस दुकानाबाहेर जाऊन चहा पिऊन विचार करतो. २४ महिन्यांत तोच फरक २,१६७ रुपये. मग २५६ चा ५१२ जीबी: वीस हजार जास्त, म्हणजे महिना ८३३. काउंटरवरचा पोरगा "आठशे रुपयांत डबल स्टोरेज" म्हणतो ते खोटं नाही, पण त्यात चोवीसने गुणायचं राहतं. मॉडेलची किंमत तीच राहिली तरी बिलाची सरासरी रक्कम वाढते, आणि कंपनीला नेमकं तेच हवं असतं.

दोन, माल खपेना झाला की पूर्वी किंमत उतरवावी लागायची. आता छापील किंमत तशीच ठेवून कॅशबॅक, एक्स्चेंज बोनस आणि व्याजाची भरपाई देतात. सवलत सगळ्यांना मिळायची ती ठरावीक कार्ड किंवा कर्ज घेणाऱ्यालाच मिळते. माझं मत विचाराल तर हप्ता किंमत चढवत नाही, चढलेली खाली येऊ देत नाही.

हिशेबवही

दुसरा मुद्दा मान्य. पहिल्यात एक भर: अँड्रॉईड फ्लॅगशिपचा बाजारभाव काही महिन्यांतच उतरायला लागतो. फेब्रुवारीत २४ महिन्यांचा हप्ता बांधला की दिवाळीत शेजारी तोच फोन कमी पैशांत घेतो आणि आपण उद्घाटनाच्या भावानेच फेडत राहतो. आयफोनला हे कमी लागू, तिथं नवीन मॉडेल आलं की जुन्याची किंमत उतरते. त्यामुळे पाडव्याचा मुहूर्त खरेदीला वाईट नाही. लाँचचा आठवडा वाईट.

व्याजाचा_वैरी

नो कॉस्टचं आतलं यंत्र उघडून दाखवतो. ८२,९०० चा फोन, ६ महिने, क्रेडिट कार्ड, बँकेचा दर १६ टक्के धरा.

हप्ता ८२,९०० भागिले ६, म्हणजे १३,८१७. पण बँक बिनव्याजी देत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते. म्हणून विक्रेता किंवा कंपनी व्याजाइतकी सूट आधीच वजा करते. बँकेच्या लेखी कर्ज ७९,१६५ चं आणि व्याज ३,७३५ चं, बेरीज परत ८२,९००. इथवर फिट्टंफाट.

आता गळती. कार्डावरच्या व्याजाला १८ टक्के जीएसटी लागतो: ३,७३५ वर ६७२ रुपये. हा दर महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये थोडाथोडा येतो म्हणून कुणी बघत नाही. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर जीएसटीसह २३५. एकूण ९०७ रुपये. एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, घ्या बिनघोर.

खरा फटका पुढं आहे. समजा त्याच कार्डावर एकरकमी भरल्यास ५,००० ची तात्काळ सूट आहे आणि नो कॉस्ट निवडल्यावर ती जाते. मग रोखीचा भाव ७७,९००. तुम्ही जास्त दिले ५,९०७. कर्ज दर महिन्याला कमी होत जातं हे धरून याचा वार्षिक दर काढला तर २५-२६ टक्के पडतो. काही ऑफरमध्ये दोन्ही सवलती एकत्र मिळतात, तेव्हा हिशेब उलटतो आणि हप्ताच फायद्याचा. म्हणून विचारायचा प्रश्न "नो कॉस्ट आहे का" हा नव्हेच. "आत्ता, याच कार्डावर, एका दमात सगळे भरले तर किती?" हा आकडा घ्या, हप्त्यांच्या बेरजेतून वजा करा, फी आणि जीएसटी मिळवा. उरलं ते व्याज, त्याला नाव काहीही द्या.

कार्डाबद्दल अजून: पूर्ण रक्कम लिमिटमधून अडकते आणि हप्ता भरेल तशी सुटते. महिन्याचा हप्ता "मिनिमम ड्यू"मध्ये, म्हणजे कमीत कमी भरायच्या रकमेत, धरलेला असतो. त्या महिन्यात फक्त मिनिमम भरून बाकी थकवलं तर उरलेल्या खर्चावर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू होतं आणि नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. इतक्या जपून मिळवलेला नो कॉस्ट एका महिन्यात धुऊन जातो.

शाहूपुरी_काउंटर

कार्ड नसलेल्यांसाठी लिहितो, कारण कोल्हापुरात निम्मा विषय तिथंच हाय.

फायनान्सच्या स्कीमला काउंटरवर "दहा-दोन", "बारा-चार" अशी नावं असतात. पहिला आकडा एकूण हप्ते, दुसरा आगाऊ हप्ते. ८२,९०० चा फोन दहा-दोनवर म्हणजे हप्ता ८,२९०. दोन हप्ते, १६,५८०, त्याच दिवशी भरायचे. खरं कर्ज ६६,३२० चं आणि आठच महिन्यांचं. "दहा महिने बिनव्याजी" ऐकून गिऱ्हाईक खूश होतं, पण पैसे वापरायला मिळतात आठ महिने.

व्याज कोण भरतंय तेही समजून घ्या. कंपनी भरत असेल तर त्याला एमबीडी म्हणतात, दुकानदार भरत असेल तर डीबीडी. डीबीडी असली की ते पैसे दुकानाच्या मार्जिनमधून जातात, म्हणून तिथं रोखीचा भाव तुटायला जागा असते. एमबीडीत दुकानदाराच्या हातात फारसं काही नसतं, घासाघीस करून तोंड दुखवून घेऊ नका. आयफोनला मार्जिन मुळातच पातळ. तिथं पैशाऐवजी काच, कव्हर मागा, ते लवकर मिळतं.

सही करायच्या आधी दोन कागद शेजारी ठेवा, फोनचं जीएसटी बिल आणि कर्जाचं विवरण. कर्जाची रक्कम अधिक आगाऊ हप्ते म्हणजे बिलाची रक्कम यायला पाहिजे. जास्त आली तर वाढीव वॉरंटी, स्क्रीनचा विमा किंवा कार्डाची फी आत घुसली आहे. नको असेल तर तिथंच काढायला लावा, नंतर निघत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाला "की फॅक्ट स्टेटमेंट" देणं सक्तीचं आहे. त्यात एपीआर नावाची ओळ असते, फी-बी धरून खरा वार्षिक दर. बिनव्याजी म्हणून विकलेल्या कर्जात एपीआर शून्याच्या वर दिसला तर त्याचा अर्थ विचारा. क्रेडिट कार्डाच्या उधारीला मात्र ही सक्ती नाही, तिथं वरचा हिशेब हातानेच करायचा.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावचे कारखानदार असाल आणि फोन धंद्यासाठी असेल तर बिल फर्मच्या नावाने, जीएसटी नंबर टाकून घ्या. १,३४,९०० मध्ये २०,५७८ रुपये जीएसटी असतो, तो इनपुट क्रेडिटला बसतो, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजा होतो. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्यांना) हे मिळत नाही. फायनान्स मात्र बहुतेकदा व्यक्तीच्या नावाने होतं आणि मग बिलही त्याच नावाने निघतं. तेव्हा आधी विचारा, बिल फाडल्यावर नाही.

रंकाळा_वारा

भारी माहिती. एक अडचण: घरात पगार नाही. गोकुळचं दूधबिल दहा दिवसांनी येतं, उसाचं हंगामात. पतसंस्था १२ टक्क्यांनी द्यायला तयार आहे, ते बरं का?

व्याजाचा_वैरी

१२ टक्के सरळ (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर) की घटत्या बाकीवर (फेडून उरलेल्या रकमेवर), हे आधी विचारा. सरळ व्याजाने एक लाखाला दोन वर्षांत २४ हजार, हप्ता ५,१६७. घटत्या बाकीच्या भाषेत हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. घटत्या बाकीवर खरंच १२ असेल तर एक लाखाला हप्ता ४,७०७ आणि दोन वर्षांचं व्याज १३ हजारांच्या आत. तसं असेल तर पतसंस्थेकडून रक्कम घ्या, दुकानात रोख भाव पाडून घ्या. पण शेअर्सची कपात आणि फी हातात यायच्या रकमेतून जाते, तीही मोजा.

शाहूपुरी_काउंटर

भावा, दूधबिलावर हप्ता बसतो, उसावर बसत नाही. फायनान्सचा हप्ता एनएसीएचने (बँकांच्या आपोआप वसुलीच्या सोयीने) ठरलेल्या तारखेला खात्यातून ओढतात, बहुतेक २ किंवा ५ तारखेला. ज्या खात्यात दूधबिल जमा होतं तेच खातं मँडेटला (पैसे ओढायच्या परवानगीला) द्या आणि हप्त्याएवढी रक्कम दोन दिवस आधीपासून खात्यात असू द्या. हप्ता परतला की दोन ठिकाणी दंड: आपली बँक वेगळा घेते, फायनान्सवाला वेगळा. पाचशे-हजार असेच जातात आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग राहतो तो निराळा. पुढं ट्रॅक्टरचं किंवा घराचं कर्ज काढताना तो फोनचा हप्ताच आडवा येतो. काही स्कीममध्ये फोनमध्येच लॉकचं ॲप असतं, हप्ता थकला की फोन बंद पाडता येतो. करारात ती ओळ आहे का बघा.

फोन फुटला, पंचगंगेत पडला, चोरीला गेला तरी हप्ता चालूच राहतो, म्हणून एवढ्या महागड्या फोनला एखाद्या वर्षाचा अपघाती विमा मी फालतू म्हणणार नाही. वाढीव वॉरंटी वेगळी, ती फुटण्याला चालत नाही. दोन्हीत गल्लत करून विकतात.

आणि उसाचं बिल आल्यावर एकदम फेडायचं असेल तर मुदतपूर्व फेडीची फी की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये आधीच बघून ठेवा. शेवटचा हप्ता गेला की एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) मागून घ्या, नेटबँकिंगमध्ये किंवा शाखेत जाऊन मँडेट रद्द करा, आणि महिन्याभराने सिबिलवर ते खातं "बंद" दाखवतंय का ते तपासा.