अनुभव धागा: काम करताना कानात काय चालू असतं?

मुलगी दहावीला आहे. कानात गाणी असल्याशिवाय गणित सुटत नाही म्हणते, आणि आमचं रोज वाजतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींनो, तुमचं काय? उपदेश नको, अनुभव लिहा.

उद्यमबागवाला: सीएनसीवर (धातू कापायचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) पूर्वी मीपण हेडफोन लावायचो. वेळ मस्त जायचा. एका रात्रपाळीत इन्सर्ट, म्हणजे मशीनचं कापणारं टोक, चिपला. एरवी कापण्याचा आवाज जरा कर्कश झाला की हात आपोआप बटणावर जातो. त्या रात्री कानात ढोल-ताशा. माप बघितलं तेव्हा सात जॉब, म्हणजे नग, रिजेक्ट! आता गाणी फक्त झाडलोट करताना.

वडगावची सून: आमच्याकडे गाणं कशाला, चारी बाजूंनी माग. माहेरहून आले तेव्हा पहिला महिना डोकं उठायचं. आता त्या खडखडाटातच हिशेब लिहिते, पोरगं पाळण्यात झोपतं. लाइट गेली, माग थांबले, की मात्र दचकून उठतं बघा.

खानापूरकर: स्पर्धा परीक्षेच्या वेळची गंमत. मराठी गाणी लावली की वहीत गाण्याचेच शब्द उतरायचे. म्हणून कन्नड लावायला लागलो, तेव्हा कन्नड फारसं यायचं नाही. छान अभ्यास व्हायचा. पुढे नोकरीत बोलून बोलून कन्नड अंगवळणी पडलं आणि तीच गाणी आडवी यायला लागली. आता खात्याची परीक्षा आहे, तमिळ लावलंय. बदली तिकडं होऊ नये एवढंच!

शहापूरची बाई (निवृत्त शिक्षिका): मोझार्टचं संगीत ऐकून मुलं हुशार होतात, असं पालक मला ऐकवायचे. 1993 चा तो प्रयोग कॉलेजच्या 36 विद्यार्थ्यांवर होता. 10 मिनिटं संगीत ऐकवलं, आकृत्यांची कोडी थोडी बरी सुटली, आणि परिणाम पाव तासात ओसरला. लहान मुलांचा त्यात संबंधच नव्हता. मी स्वतः पेपर तपासताना तानपुरा लावायचे. डोकं किती चाललं ठाऊक नाही, पण चिडचिड कमी व्हायची, आणि दहावी ब च्या गठ्ठ्याला तेवढं पुरे होतं.

धागाकर्ता: हे सगळं लेकीला वाचून दाखवलं. म्हणाली, "पप्पा, हॉलमधल्या तुमच्या बातम्या ऐकू येऊ नयेत म्हणून तर लावते."